चौदा माणसे आणि एक निशाण

पराक्रमाच्या गोष्टीला मी चटकन वश होतो. हा माझ्या एकट्याचा स्वभाव असेल असे वाटत नाही. पावनखिंड ऐकत लहानाचा मोठा झालेला मराठी माणूस या बाबतीत थोडाफार माझ्यासारखाच असणार. त्यातही आपल्याला जयापेक्षा पराजयाचा लळा अधिक. पानिपत म्हटले की सांगणाऱ्याचा आवाज आपोआप खाली येतो आणि ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा उभा राहतो. गेली वीसएक वर्षे मी शाळेत इतिहास शिकवतो आहे. तह, सारा, कायदेकानू यांचे धडे चालू असताना मुले खिडकीतून बाहेर बघत असतात. लढाई सुरू झाली की तीच मुले बाकाच्या कडेवर येऊन बसतात. मला त्यांच्यावर रागावता येत नाही. मीही त्यांच्यातलाच. फरक इतकाच, की खडू माझ्या हातात असतो.

या स्वभावामुळेच सध्या एका परक्या पलटणीने मला धरले आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धात ती दक्षिणेकडून लढली. तिचे नाव सव्विसावी नॉर्थ कॅरोलायना पायदळ पलटण. खानदेशातल्या एका शाळामास्तराचा तिच्याशी काय संबंध, असे कोणीही विचारील. संबंध कापसाचा आहे. १८६१ साली ते युद्ध पेटले, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे कोंडली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. मग त्यांना हिंदुस्थानाची आठवण झाली. खानदेश-वऱ्हाडातला कापूस कधी नव्हे इतक्या भावाने मुंबईला जाऊ लागला. आमच्या गावात एका पडक्या वाड्याला अजून ‘लढाईतला वाडा’ म्हणतात. कोणती लढाई, ते सांगणाऱ्यालाही ठाऊक नसते. त्या तेजीवर एक कादंबरी लिहावी म्हणून मी वाचायला बसलो आणि वाचता वाचता मुंबईचा कापूसबाजार मागेच राहिला. जिथे माणसे मरत होती म्हणून इथे भाव चढत होते, तिथे जाऊन पोहोचलो.

ही पलटण १८६१ च्या ऑगस्टमध्ये रॅले शहराजवळच्या छावणीत उभी राहिली. वेगवेगळ्या परगण्यांतून आलेल्या दहा कंपन्या. बहुतेक सगळी शेतकऱ्यांची पोरे. कंपन्यांना त्यांनी नावेही पोरांना शोभतील अशीच दिली होती. एकीचे नाव ‘पी डी रानमांजरे’. पहिला कर्नल झेब्युलन व्हान्स हा मूळचा राजकारणी. देश फुटू नये म्हणून तो भाषणे करीत हिंडत होता. लिंकनने दक्षिणेविरुद्ध सैन्य मागवल्याची बातमी आली आणि त्याने बाजू बदलली. सालेम गावच्या मोरावियन पंथातले वादक पलटणीचा बँड म्हणून बरोबर होते. त्यांच्या हाताने उतरवलेल्या स्वरांच्या वह्या आजही जपून ठेवलेल्या आहेत.

१४ मार्च १८६२ रोजी न्यू बर्नला पलटणीने पहिली लढाई पाहिली आणि माघारही पाहिली. १ जुलै १८६२ रोजी माल्व्हर्न हिलच्या उतारावर तोफांचा मारा खाल्ला. त्याच वर्षी व्हान्स राज्याचा गव्हर्नर म्हणून निवडून आला आणि त्याच्या जागी हेन्री किंग बर्गविन कर्नल झाला. हा तेव्हा पुरता एकवीस वर्षांचाही नव्हता. वरच्या सेनापतीला आपल्या हाताखाली असला पोरसवदा कर्नल नको होता, म्हणून पलटण दुसऱ्या ब्रिगेडमध्ये, पेटिग्रू या सेनापतीकडे गेली. बर्गविन लष्करी विद्यालयात शिकलेला, शिस्तीला कडक. सुरुवातीला शिपाई त्याच्या नावाने बोटे मोडत. लढाईत त्याला पाहिल्यावर तेच त्याच्यासाठी जीव टाकू लागले. अशी माणसे कादंबरीकाराला घडवावी लागत नाहीत. ती आयती मिळतात आणि म्हणूनच त्यांच्यापासून जपून राहावे लागते.

१ जुलै १८६३. पेनसिल्व्हेनियातले गेटिसबर्ग. पलटणीचे सुमारे आठशे लोक दुपारी एका शेतातून पुढे निघाले. समोर विलोबीज रन नावाचा ओढा, ओढ्यापलीकडे चढावर झाडी आणि झाडीत उत्तरेची चोविसावी मिशिगन पलटण. निशाण रांगेच्या मधोमध. त्या काळी बंदुकांच्या धुरात आपली पलटण कुठे आहे हे शिपायाला निशाणावरूनच कळे, म्हणून शत्रूच्या गोळ्याही आधी निशाणावरच येत. निशाणबरदार पडला की दुसऱ्याने ते उचलायचे. दुसरा पडला की तिसऱ्याने. ब्रिगेडच्या कचेरीतला एक कप्तान सेनापतीची शाबासकी घेऊन आला होता. त्याने निशाण उचलले आणि गोळी त्याच्या छातीत बसली. त्याच्या अंगाखालून ते एका लेफ्टनंटने ओढून काढले, तोही पडला. मग स्वतः बर्गविनने ते हाती घेतले. एक साधा शिपाई पुढे आला, त्याच्या हाती ते देता देता बर्गविनला गोळी लागली आणि शिपाईही तिथेच गतप्राण झाला. त्यानंतर आला लेफ्टनंट कर्नल जॉन लेन. चॅथम परगण्यातला हा शेतकऱ्याचा मुलगा साधा शिपाई म्हणून भरती होऊन वर चढलेला. हे निशाण घेऊन कोणी जगत नाही, असे त्याला बजावण्यात आले. आता पाळी माझी आहे, अशा अर्थाचे काहीतरी बोलून त्याने ते उचलले. मिशिगनवाले मागे हटू लागले होते. आपले लोक येताहेत ना म्हणून लेनने मान वळवली, आणि मानेतून शिरलेली गोळी तोंडातून बाहेर पडली. त्या दुपारी निशाण घेऊन पडलेला तो चौदावा.

पलटणीने ती टेकडी घेतली. आठशेतले पाचशेच्या वर लोक मेले किंवा जायबंदी झाले. एफ कंपनीत एक्याण्णव जण होते. दोन दिवसांनंतर त्यातला एकही धड उरला नाही, अशी नोंद आहे. समोरच्या मिशिगन पलटणीचे ४९६ पैकी ३६३ गेले. म्हणजे तिकडेही तीच गत. ३ जुलैला उरलेल्या दोनेकशे लोकांना पुन्हा उभे केले आणि उघड्या माळावरून तोफांच्या तोंडी पुढे पाठवले. त्यातले दोघेजण निशाण घेऊन थेट शत्रूच्या दगडी गडग्यापर्यंत पोहोचले. गडग्यामागच्या शिपायांना त्यांच्यावर गोळी झाडवेना. त्यांनी हात देऊन दोघांना पलीकडे ओढून घेतले.

ही हकीकत मी एका बदली तासाला नववीच्या वर्गाला सांगितली. नकाशा काढला, ओढा काढला, झाडी काढली. कसला आवाज नाही. चौदावा माणूस पडला तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलाने नकळत “अरे!” म्हटले. तास संपायला पाचएक मिनिटे असताना पहिल्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला. “सर, पण ते लढत कशासाठी होते?”

हा प्रश्न यायचाच होता आणि उत्तरही माझ्याजवळ होते. मी फळ्यावर दोन आकडे लिहिले. १८६० च्या शिरगणतीत नॉर्थ कॅरोलायना राज्याची वस्ती ९,९२,६२२. त्यात गुलाम ३,३१,०५९. मग सांगितले, की दक्षिणेने आपली जी वेगळी राज्यघटना केली तिच्यात गुलामांवरची मालकी हिरावणारा कायदा करता येणार नाही असे कलमच घातले होते. ते ज्या राज्यासाठी लढत होते, ते त्या कलमावर उभे होते. वर्ग पुन्हा शांत झाला, पण ही शांतता निराळी होती. मघाचे “अरे!” म्हणणारा मुलगा खाली बघत होता. जरा वेळाने तो म्हणाला, “पण सर, त्यांच्याकडे गुलाम नव्हते ना? ते तर शेतकरी होते.”

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. राज्यातल्या बहुतेक गोऱ्या कुटुंबांकडे गुलाम नव्हते. १८६२ च्या एप्रिलमध्ये दक्षिणेने सक्तीची भरती सुरू केली आणि ऑक्टोबरात तिला पुस्ती जोडली, की ज्या मळ्यावर वीस किंवा अधिक गुलाम असतील तिथल्या एका गोऱ्या माणसाला भरतीतून सूट. म्हणजे गुलामवाल्याला घरी राहण्याची सोय आणि बिनगुलामवाल्याने आघाडीवर जायचे. लढाई श्रीमंतांची आणि मरण गरिबांचे, अशी कुजबूज गावोगाव चालू झाली. पण कुजबूज करणारा गरीबही एक गोष्ट धरून होता. आपण कितीही खाली असलो तरी आपल्याही खाली कोणीतरी आहे, ही ती गोष्ट. ती किती पोसते हे खेड्यात वाढलेल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. आमच्या गावची विहीर, आमच्या गावचे देऊळ, आमच्या गावचे पाणवठे यांनी ते मला पुस्तकाआधीच शिकवले आहे.

शिवाय त्या स्वारीतलीच एक गोष्ट अशी आहे, जी निशाणाच्या कथेत सहसा येत नाही. पेनसिल्व्हेनियात गुलामी नव्हती. १८६३ च्या जूनमध्ये ही फौज त्या मुलखात शिरली तेव्हा तिच्यातल्या तुकड्यांनी तिथले काळे लोक धरले. पळून आलेले गुलाम धरले, तसे जन्मापासून मोकळे असलेलेही धरले, आणि बायकापोरांसकट दक्षिणेकडे हाकत नेले. सव्विसाव्या पलटणीचे हात त्यात होते असे मी म्हणत नाही. पण ज्या रस्त्यांनी ते चौदा जण ओढ्याकडे चालत गेले, त्याच मुलखातल्या रस्त्यांनी ही माणसेही उलट दिशेला चालत होती.

आणि एक माणूस तर पलटणीच्या सोबतच होता. त्याचे नाव किन्शेन. तो बर्गविनचा गुलाम. बर्गविनचे घराणे रोआनोक नदीकाठचे मोठे मळेवाले. आई बॉस्टनकडची आणि बर्गविन स्वतः जन्मला उत्तरेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये, पण वैभव सारे गुलामांच्या राबण्यावर. मालक लढाईला गेला तसा त्याची सेवाचाकरी करायला हाही गेला. बर्गविन मेल्यावर त्याला तिथेच एका झाडाखाली पुरले. पलटणीतल्या एका अधिकाऱ्याच्या पत्रात किन्शेनने फार दुःख केल्याचे ओझरते आले आहे. मग तो मालकाचे सामान घेऊन दक्षिणेला, मालकाच्या घरी परत गेला.

कादंबरीकार म्हणून मी या माणसापाशी अडलो आहे. गेटिसबर्गला तो मोकळ्या भूमीवर उभा होता. मालक मेला होता. चार मैल चुकीच्या दिशेने चालला असता तर सुटला असता. तो परत का गेला? दक्षिणेच्या कथा सांगणाऱ्यांनी अशा माणसांना पुढे ‘इमानी सेवक’ म्हणून रंगवले. आपल्याकडेही इमानी नोकराची गोष्ट सांगायला सोपी असते. आपल्या नाटक-सिनेमांतून असे ‘रामूकाका’ पुष्कळ आहेत. पण मी स्वतःला विचारतो, त्याची बायको मळ्यावर असेल काय? आई? लेकरे? एकवीस वर्षांचा तो मुलगा त्याच्या अंगाखांद्यावर वाढला असेल आणि त्याचे दुःखही खरेच असेल काय? माणसाला एकाच वेळी जाच आणि माया या दोन्ही गोष्टी एकाच घरातून मिळू शकतात. चौदा निशाणबरदारांच्या मनात काय होते ते लिहिणारे पुष्कळ भेटले. याच्या मनात काय होते ते कोणी विचारून ठेवले नाही.

ज्या एफ कंपनीतला एकही धड उरला नाही, तिच्यातलीच आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. १८६२ च्या मार्चमध्ये तिच्यात डोंगराळ भागातले दोन ‘भाऊ’ भरती झाले, कीथ ब्लेलॉक आणि सॅम ब्लेलॉक. कीथ मनाने उत्तरेच्या बाजूचा; भरती टाळता येईना म्हणून आत शिरायचे आणि संधी साधून पलीकडे पळायचे, असा त्याचा बेत. संधी येईना. तेव्हा त्याने अंगाला खाजरा पाला चोळून घेतला आणि सगळे अंग फोडांनी भरवले. डॉक्टरांनी घाबरून त्याला घरी पाठवायचे ठरवले. लगेच सॅमने कर्नलपुढे जाऊन उघड केले, की मी पुरुष नाही, कीथची बायको आहे. तिचे खरे नाव मेलिंडा. दोघेही घरी गेली आणि पुढे डोंगरातून दक्षिणेच्या सरकारविरुद्ध लढत राहिली. त्यांचा मार्ग स्वच्छ होता असे नाही. डोंगरातल्या त्या लढाईत शेजाऱ्याने शेजाऱ्याला मारले. पण ही जोडी मला सोडत नाही. अंगाला पाला चोळणाऱ्याच्या नावाने निशाण कोणी उभारत नाही. तरी वर्षाने त्याच कंपनीचे जे झाले ते पाहता, त्या पाल्याने त्याला कशातून वाचवले हे दिसतेच. आणि कोणाच्या बाजूने मरण्यातून वाचवले, हेही दिसते.

यापुढची पलटणीची कथा झिजत जाण्याची आहे. ब्रिस्टो स्टेशन, विल्डरनेस, पीटर्सबर्गचे खंदक. नवी भरती येई आणि संपे. ९ एप्रिल १८६५ रोजी ॲपोमॅटॉक्सला ली शरण गेला तेव्हा पलटणीचे सव्वाशेच्या आसपास लोक उरले होते. त्या सकाळी समोर उभ्या असलेल्या उत्तरेच्या फौजेत काळ्या शिपायांच्या पलटणीही होत्या. तीन वर्षांपूर्वी ज्यांना शिपाई होण्याची मुभा नव्हती, ते निळा गणवेश घालून रांगेत उभे होते. त्यांचेही निशाणबरदार होते आणि तेही आधीच्या लढायांतून एकामागून एक पडले होते. एकच शौर्य दोन्ही बाजूंना सापडते, म्हणून शौर्यावरून बाजू ठरवता येत नाही, हे मला त्या सकाळच्या चित्रावरून जितके स्पष्ट कळले तितके कुठल्या ग्रंथावरून कळले नाही.

युद्ध संपल्याची बातमी मुंबईला पोहोचली आणि कापूस कोसळला. १ जुलै १८६५ हा शेअरबाजारातल्या वायद्यांच्या फेडीचा दिवस. त्या दिवशी मोठमोठ्या पेढ्या बसल्या. दोन वर्षांपूर्वी त्याच तारखेला बर्गविन पडला होता, तीन वर्षांपूर्वी त्याच तारखेला पलटण माल्व्हर्न हिलवर होती. तारखा योगायोगाने जुळल्या, पण त्यामागचा व्यवहार योगायोगाचा नव्हता. आमच्या गावचा ‘लढाईतला वाडा’ आणि रोआनोककाठचे मळे एकाच तागडीच्या दोन पारड्यांत होते.

जॉन लेन मात्र जगला. जबड्यातून गोळी गेलेला तो माणूस आणखी जखमा घेऊन घरी परतला आणि १९०८ पर्यंत जगला. १९०३ साली गेटिसबर्गच्या मेळाव्यात त्याला चार्ल्स मॅकॉनेल भेटला, मिशिगन पलटणीतला, ज्याच्या बंदुकीची ती गोळी होती. दोन म्हातारे हातात हात घेऊन उभे राहिले. वाचताना माझा गळा दाटला, हे मी लपवत नाही. पण त्याच नॉर्थ कॅरोलायनात १९०० साली मतदारासाठी लिहिता-वाचता येण्याची अट घटनेत घालण्यात आली होती, आणि ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या अक्षर शिकू दिले नव्हते त्यांचे मत काढून घेण्यात आले होते. म्हणजे गोऱ्याने गोऱ्याला हात दिला आणि मधला माणूस दोन्ही हातांबाहेर राहिला. रॅलेला राज्याच्या कचेरीपुढे दक्षिणेच्या मृतांचे मोठे स्मारक १८९५ पासून उभे होते. ते २०२० च्या जूनमध्ये उतरवले गेले. सव्वाशे वर्षे त्या दगडाखालून जाणाऱ्या काळ्या माणसाला काय वाटत असेल, हा प्रश्न उशिरा का होईना, विचारला गेला.

आपल्याकडे तो प्रश्न फार आधी एकाने विचारला होता. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ लिहिली आणि ती अमेरिकेतल्या त्या सज्जनांना अर्पण केली, ज्यांनी निग्रो लोकांना दास्यातून सोडवण्यासाठी झीज सोसली. पुण्यात बसलेल्या माणसाला सात समुद्रांपलीकडच्या त्या युद्धात काय दिसले? त्याला निशाणे दिसली नाहीत, किती टेकड्या कोणी घेतल्या ते दिसले नाही. शेवटी बेड्या कोणाच्या तुटल्या, एवढे दिसले. त्याच वेळी त्याच मुंबई इलाख्यात पुष्कळांना त्या युद्धात फक्त कापसाचा भाव दिसला होता.

मुले विचारतात, मग सर, त्या चौदा जणांना शूर म्हणायचे की नाही? मी म्हणतो, म्हणायचे. त्यांच्यासाठी वाईट वाटले तर वाटू द्यायचे. एकवीस वर्षांचे पोर माळावर पडते तेव्हा ते कोणाच्या बाजूचे आहे हे त्याच्या आईच्या हंबरड्याला ठाऊक नसते. पण गोष्ट चौदाव्या माणसापाशी थांबवायची नाही. पंधरावा माणूस रणांगणाच्या मागे, सामानापाशी, घोड्याचा लगाम धरून उभा आहे. त्याच्या हातात निशाण नाही. ते निशाण फडकत राहिले असते तर त्याचा लगामही सुटला नसता. त्याच्यापर्यंत पोहोचल्याखेरीज ती लढाई सांगून संपत नाही.

कादंबरी अजून पुरी झालेली नाही. पहिली तीन प्रकरणे कापसाची, बाजाराची, वाड्याची आहेत. चौथ्या प्रकरणाच्या सुरुवातीला मी किन्शेनला रस्त्यावर आणून ठेवले आहे. मेलेल्या मालकाची पेटी त्याच्यापाशी आहे, एका बाजूला उत्तर आहे आणि एका बाजूला घर. त्याच्या तोंडी घालायला मला अजून एकही वाक्य सापडलेले नाही.